हेलियमचा शोध नक्की कुठे लागला: विजयदुर्ग, गुंटूर की लंडन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' पाहिले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर साहेबाने इथूनच हेलियमचा शोध लावला, असे तिथे ऐकले. घरी येऊन वाचले तर एका ठिकाणी आंध्रातले गुंटूर आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, दुसऱ्या ठिकाणी लंडन. मुलीच्या विज्ञान प्रकल्पात काय लिहायचे?

आधी सरळ उत्तर देतो. त्या दिवशी इंग्लंडचे हौशी खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर भारतात नव्हतेच. त्यांचे हेलियमशी जोडलेले निरीक्षण २० ऑक्टोबर १८६८ चे, लंडनमधले, आणि तेही ग्रहण नसताना केलेले आहे. विजयदुर्गाला ते आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता.

पण एवढ्याने तुमचे काम होणार नाही, कारण मुलगी लगेच विचारेल, मग शोध कुणी लावला? इथे अडचण जागेची कमी आणि 'शोध' या शब्दाची जास्त आहे. सूर्याच्या प्रकाशात हेलियमची पिवळी रेषा पहिल्यांदा दिसणे, ती सोडियमची नाही हे मोजून ठरवणे, ती नव्या मूलद्रव्याची आहे असे म्हणण्याचे धाडस करणे आणि तो वायू नळीत धरून दाखवणे, ही चार वेगळी कामे आहेत. प्रत्येकाचा माणूस वेगळा, गाव वेगळे, वर्ष वेगळे. यातल्या कोणत्या कामाला तुम्ही शोध म्हणता त्यावर उत्तर बदलते. वर्णपट, म्हणजे प्रकाश पसरवून मिळणारा रंगांचा पट्टा, मोजणाऱ्याला विचाराल तर तो दुसऱ्या कामावर बोट ठेवेल. मीही तेच ठेवतो. का, ते सांगतो.

सूर्याचा प्रकाश बारीक फटीतून घेऊन प्रिझममधून पसरवला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास त्यांतल्या ठळक रेषांना अक्षरे दिली. पिवळ्या भागातली D ही जवळजवळच्या दोन रेषांची जोडी आहे. आजच्या मापात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. ही जोडी सोडियमची, हे किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९ च्या सुमारास दाखवले. आपण आज ज्या रेषेला हेलियमची म्हणतो ती ५८७.६ वर आहे. म्हणजे सोडियमच्या जवळच्या रेषेपासून जेमतेम १.४ नॅनोमीटर दूर. दृश्य वर्णपटाची पूर्ण लांबी साधारण ३०० नॅनोमीटर धरली, तर हे अंतर त्याच्या दोनशेव्या भागाएवढे. साध्या स्पेक्ट्रोस्कोपमध्ये, म्हणजे वर्णपट पाहण्याच्या उपकरणात, घाईने पाहणारा माणूस 'पिवळ्यात रेषा आहे, म्हणजे D असणार' असेच म्हणेल. झालेही तसेच.

१८ ऑगस्ट १८६८ चा ग्रहणपट्टा भारतात पश्चिम किनाऱ्यावरून शिरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणवरून बंगालच्या उपसागरात गेला. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून मोठी, म्हणून युरोपातले लोक इतक्या लांब आले. सूर्याच्या कडेवर ग्रहणात ज्या तांबूस ज्वाला दिसतात, ज्यांना प्रॉमिनन्स म्हणतात, त्या कशाच्या बनल्या आहेत हे पाहणे हा सगळ्यांचा हेतू होता. गुंटूरला फ्रान्सचे पियर जान्सेन होते आणि स्वतंत्रपणे मेजर टेनंट होते. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन होते. त्यांचेच सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी हैदराबाद संस्थानातल्या वनपर्तीला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे प्रसिद्ध हर्शेल घराण्यातली तिसरी पिढी. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, आणखी एक फ्रेंच तुकडी, तिच्यात रायेत.

या मंडळींपैकी अनेकांना ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या आणि एवढ्यावरून ज्वाला म्हणजे तापलेला वायू आहे हे पक्के झाले. लाल आणि निळी रेषा हायड्रोजनच्या. पिवळ्या रेषेबद्दल मात्र नोंदी पाहण्यासारख्या आहेत. टेनंट आणि रायेत यांनी तिला D म्हटले. पॉग्सन यांनी D वर किंवा D च्या जवळ अशी सावध नोंद केली. हर्शेल यांनाही ढगांच्या फटीतून तीन रेषा दिसल्या, त्यांत एक नारिंगी-पिवळी. जान्सेन यांचे सगळे लक्ष हायड्रोजनच्या रेषांवर होते. हेलियमचा प्रकाश त्या दिवशी इतक्या डोळ्यांत गेला, पण 'हे सोडियम नाही' असे ठामपणे कुणी म्हटले नाही.

म्हणू शकलेही नसते, कारण खग्रास ग्रहण ही ही रेषा मोजायला वाईट वेळ असते. लोकांना हे उलट वाटते, पण उपकरण हाताळणाऱ्याला ते पटेल. रेषेची जागा ठरवायची तर शेजारी ओळखीची रेषा लागते. एरवी सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषा हीच आपली फूटपट्टी. खग्रास अवस्थेत चंद्राने सूर्यबिंब झाकले की ती फूटपट्टीच जाते. काळ्या पार्श्वभूमीवर तीन-चार तेजस्वी रेषा लटकलेल्या दिसतात, त्यांच्या आजूबाजूला काही नाही. मग उपकरणावरच्या खुणेवर विसंबायचे. ती खूण दुर्बीण हलवताना, फट रुंद करताना, सकाळच्या वाढत्या उन्हात पितळ तापल्याने थोडी सरकलेली असते. शिवाय ग्रहणात उजेड कमी म्हणून माणूस फट मोठी ठेवतो. तेजस्वी रेषा ही फटीचीच प्रतिमा असते, त्यामुळे फट दुप्पट तर रेषाही दुप्पट जाड, आणि दीड नॅनोमीटरचा फरक त्या जाडीत बुडून जातो. हातात मिनिटे पाच, त्यातली पहिली दोन ज्वाला फटीवर आणण्यात गेलेली.

आता जान्सेन यांनी केलेले काम बघा. रेषा इतक्या झगझगीत होत्या की ग्रहण संपल्यावरही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी गुंटूरमध्येच उघड्या सूर्याच्या कडेला फट लावून त्या पुन्हा पाहिल्या आणि पुढे दोन आठवडे पाहत राहिले. हीच कल्पना लॉकयर यांना १८६६ पासून सुचलेली होती. ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते, खगोलशास्त्र फावल्या वेळचे. पुरेसा ताकदीचा स्पेक्ट्रोस्कोप बनवून मिळायला ऑक्टोबर १८६८ उजाडला. २० ऑक्टोबरला त्यांना घरच्या दुर्बिणीतून रेषा दिसल्या. जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकयर यांचा निरोप पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला, वाचले गेले. म्हणून श्रेय दोघांना, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेले पदक काढले. पण लक्षात घ्या, हे श्रेय ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याच्या पद्धतीचे होते. हेलियमचे नव्हते. नेटवरच्या निम्म्या लेखांचा घोळ इथे होतो.

ही पद्धत चालते कशी? सूर्याच्या कडेजवळ आकाशाचा विखुरलेला उजेड इतका असतो की त्यात ज्वाला हरवते. पण तो उजेड सगळ्या रंगांचा आहे. एका प्रिझमने तो वीतभर पसरला तर आणखी प्रिझम लावून दोन वीत पसरवता येतो. तेवढाच उजेड दुप्पट जागेत, म्हणजे निम्मा फिका. ज्वालेची रेषा एकाच रंगाची. तिला पसरायला दुसरे रंगच नाहीत, म्हणून प्रिझम वाढवले तरी ती जवळपास तेवढीच ठळक राहते. पुरेसे प्रिझम लावले की आकाश मागे पडते आणि रेषा वर येते. लॉकयर यांच्या उपकरणाला लागलेला वेळ याच कारणाने. थोड्या प्रिझमवर हे काम भागत नाही. काचेत शोषण होत असल्याने वाटेल तितके प्रिझमही लावता येत नाहीत, ही दुसरी अडचण.

आणि याच पद्धतीने हरवलेली फूटपट्टी परत दिली. फट सूर्याच्या कडेला काटकोनात ठेवली की तिचा अर्धा भाग बिंबावर आणि अर्धा बाहेर पडतो. दृश्यात बिंबाचा वर्णपट काळ्या रेषांसह दिसतो आणि त्याला लागूनच बाहेरच्या भागात तेजस्वी रेषा. व्हर्निअर कॅलिपरच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकून असाव्यात तसे. लाल रेषा बरोबर C या काळ्या रेषेच्या टोकाला टोक लावून उभी. निळी F जवळ. आणि पिवळी D च्या दोन काळ्या रेषांच्या समोर नाही, थोडी निळ्या बाजूला सरकलेली, तिच्यासमोर बिंबात ठळक काळी रेषा नाहीच. लॉकयर यांनी हे अंतर किरखॉफच्या मोजपट्टीवर आठ ते नऊ भाग असे दिले. D च्या दोन रेषांना आधीच D१ आणि D२ म्हणत, म्हणून हिचे नाव D३ पडले. माझ्या मते हेलियमच्या गोष्टीतला निर्णायक क्षण हाच. तुमच्या मुलीला एकच आकृती काढायची असेल तर हीच काढायला सांगा.

पुढची दोन-तीन वर्षे शंका फेडण्यात गेली. पहिली शंका, ही हायड्रोजनचीच एखादी रेषा असेल, दाब किंवा तापमान वेगळे असताना उमटणारी. लॉकयर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब बदलून पाहिला. D३ आली नाही. दुसरी शंका अधिक अवघड होती: मूलद्रव्य सूर्यात असेल तर त्याची काळी रेषा सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात का नाही? याचे उत्तर त्या काळात कुणाकडे नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की D३ उमटण्याआधी हेलियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचे माप) वर चढलेला असावा लागतो. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विनचा. एवढ्या उष्णतेत तिथवर चढलेले अणू नगण्य. वरच्या थरात आणि ज्वालांत कॉरोनाकडून, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या तप्त आवरणाकडून, येणाऱ्या अतिनील किरणांमुळे ते चढतात. म्हणून सूर्यात चौथा हिस्सा वस्तुमान हेलियमचे असूनही काळ्या रेषांचा अभ्यास करणाऱ्या किरखॉफना तो सापडणे शक्य नव्हते.

नाव पहिल्यांदा जाहीरपणे उच्चारले गेले १८७१ मध्ये, एडिनबरोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी सांगितले की फ्रँकलंड आणि लॉकयर या पदार्थाला हेलियम म्हणू पाहतात. शेवटचा 'इयम' सोडियम, पोटॅशियमसारखा, धातूला शोभणारा; वायू निघेल असे तेव्हा गृहीत धरलेले नव्हते. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे हे नाव मनावर घेतले नाही. एका रेषेवर मूलद्रव्य मानायचे हे त्यांना पटेना, आणि त्यांचे अगदीच चूक होते असे मला वाटत नाही. कॉरोनातल्या हिरव्या रेषेवरून असेच 'कॉरोनियम' मानले गेले होते. ती रेषा निघाली बरेच इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. अंतराळातल्या तेजोमेघांतले 'नेब्युलियम' निघाले ऑक्सिजन. तीनपैकी एकच अंदाज खरा ठरला.

तो खरा ठरला मार्च १८९५ मध्ये, पुन्हा लंडनमध्येच. विल्यम रॅम्झी नुकत्याच सापडलेल्या अरगॉन वायूचा आणखी साठा शोधत होते. युरेनियमची खनिजे आम्लात तापवल्यावर एक निष्क्रिय वायू निघतो आणि अमेरिकेत हिलेब्रँड यांनी त्याला नायट्रोजन म्हटले आहे, हे त्यांना कळले. त्यांनी क्लेव्हाइट नावाचे खनिज आणून सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळले, निघालेल्या वायूतला नायट्रोजन काढून टाकला आणि उरलेला वायू विद्युतनळीत, म्हणजे वीज सोडली की आतला वायू उजळतो अशा काचेच्या नळीत, भरून पाहिला. झगझगीत पिवळी रेषा, सोडियमच्या जागेवर नसलेली. नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे मोजायला गेला आणि D३ जुळली. स्वीडनमध्ये उप्साला येथे क्लेव्ह आणि लँग्ले यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तो वायू मिळवला.

इथेही एक अडखळ आली, आणि ती मला फार आवडते. जर्मनीत रुंगे आणि पाशेन यांनी नळीतली रेषा चांगल्या उपकरणाने पाहिली तर ती एक नसून दोन निघाल्या. एक ठळक आणि तिला चिकटून एक फिकट. सूर्यातली D३ तर एकेरी समजली जात होती. मग हा तोच पदार्थ कसा? सूर्याकडे पुन्हा बारकाईने पाहिले गेले आणि तिथेही फिकट जोडीदार सापडला. एका रेषेवरून ओळख पटवणे कमकुवत. जोडीचे अंतर आणि ठळकपणाही जुळला की संशयाला जागा राहत नाही. खनिजात हा वायू अडकला कसा, हे पुढे रदरफर्ड यांच्या कामातून कळले. युरेनियममधून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रकच.

आता विजयदुर्गाकडे येऊ. १८६८ च्या ग्रहणपट्ट्यात हा किनारा होता, तेवढे खरे. पण तारीख बघा: १८ ऑगस्ट. कोकणात ऑगस्टमध्ये सकाळी साडेआठ-नऊला सूर्य हमखास दिसेल या भरवशावर इंग्लंडहून पेट्या कोण आणील? मोहिमांनी घाटापलीकडची पर्जन्यछायेतली गावे किंवा पूर्व किनारा निवडला तो यामुळेच, आणि तरीही जमखंडीत हर्शेल यांना ढगांनी छळले. याउलट २२ जानेवारी १८९८ ला कोकणचे आकाश स्वच्छ, ग्रहण भर दुपारी, पट्टा विजयदुर्गावरून शिरणारा. लॉकयर यांची मोठी तुकडी तेव्हा इथे उतरली आणि ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरचे लोक मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला गेले होते; मराठी मुलांच्या प्रकल्पात हे नाव सहसा येत नाही, घालायला हरकत नाही.

ओटे कशाला, हेही समजून घ्या. १८९८ पर्यंत डोळ्यांनी पाहण्याचे दिवस सरले होते. लांब नळीचे, प्रिझम बसवलेले कॅमेरे आणि त्यांत सूर्याचा प्रकाश सतत एकाच दिशेने टाकणारा घड्याळयंत्रावरचा आरसा अशी मांडणी असे. आरसा किंचित थरथरला तरी प्रतिमा पुसट. मातीत रोवलेल्या तिकाटण्यावर हे चालत नाही, दगडी किंवा विटांचा पक्का चौथरा लागतो. १८६८ च्या मोहिमांकडे दुर्बिणी होत्या, पण लॉकयर त्यांत नव्हते. त्यामुळे 'साहेबाचे ओटे' हे नाव लॉकयर यांचे असेल तर ते १८९८ चे मानणे सयुक्तिक. १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन साजरा होतो, त्याला माझा विरोध नाही. भारतातून त्या दिवशी पिवळी रेषा दिसली हे खरेच आहे. फक्त त्या दिवशीचे निरीक्षण लॉकयर यांच्याशी आणि विजयदुर्गाशी जोडू नका.

प्रकल्पात असे लिहा: १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात भारतातून आणि सयाममधून अनेक निरीक्षकांना पिवळी रेषा दिसली, पण ती सोडियमची समजली गेली, २० ऑक्टोबर १८६८ ला लंडनमध्ये लॉकयर यांनी ती D पासून वेगळी असल्याचे मोजले, १८७१ मध्ये हेलियम हे नाव जाहीर झाले, १८९५ मध्ये रॅम्झी यांनी तो पृथ्वीवर मिळवला. जान्सेन यांच्या नावापुढे 'ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याची पद्धत' असे लिहा.

प्रयोग जोडायचा असेल तर सूर्याकडे बोट नको, म्हणजे दुर्बीण किंवा घरगुती नळी सूर्यावर रोखूच नका. जवळच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात हेलियमची विद्युतनळी असते. ३० सेंटिमीटर लांब पुठ्ठ्याची नळी, एका टोकाला दोन ब्लेड समोरासमोर चिकटवून केलेली फट, दुसऱ्या टोकाला वरचा चकाकता थर सोलून काढलेल्या डीव्हीडीचा पारदर्शक तुकडा. नळीला आतून काळा कागद लावा. फट ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या लिहायच्या कागदाच्या जाडीएवढी ठेवा. मध्ये तो कागद धरून ब्लेड चिकटवायची आणि मग कागद ओढून काढायचा. वर्णपट सरळ समोर दिसणार नाही. पिवळ्या रंगासाठी डोळा नळीच्या अक्षापासून पन्नासएक अंश तिरका न्यावा लागतो. फटीच्या खालच्या अर्ध्या भागावर हेलियमची नळी आणि वरच्या अर्ध्यावर मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धरलेली स्पिरिटच्या दिव्याची ज्योत असा उजेड पडू द्या. दोन पिवळ्या रेषा एकमेकींसमोर न येता शेजारी सरकलेल्या दिसतील.

एकच जाड रेषा दिसली तर बहुधा फट रुंद आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत रेषेची जाडीच १.२ नॅनोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे दोघींमधली मोकळी जागा जवळजवळ संपते. ब्लेड समांतर नसतील तर रेषा एका टोकाला जाड होते. डीव्हीडीवरचे खाचे फटीला समांतर नसतील तर रेषा तिरक्या पडतात. तुकडा डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळून घ्या, तिथे खाचे कमी वाकडे असतात. ज्योतीऐवजी रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा घेऊ नका. त्यात वायूचा दाब जास्त असल्याने D रेषा पसरट होते आणि मधोमध काळी पडते, त्यामुळे तुलना फसते. आणि हेलियमची नळी हजारो व्होल्टवर चालते, ती मुलीच्या हातात न देता तिथल्या प्रयोगशाळा सहायकालाच लावायला सांगा.